बुजगावण्याचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे. जुना म्हणजे नेमका किती, ते माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. पण ती चिठ्ठी एका उंदराने कुरतडून खाल्ली, त्यामुळे आता मी सांगेन तेच खरं. अंगाने विटेएवढा, रंगाने काळा, आणि पुढे एक चिंचोळं दार. बटण दाबलं की माझं दार उघडतं आणि आतून एक तबक बाहेर येतं. त्या तबकावर चकचकीत डिस्क ठेवायची आणि दार लावायचं. मग मी तिला गरगर फिरवतो आणि माझ्या लाल किरणाने तिच्यावरचं सगळं वाचून काढतो. सिनेमा म्हणू नका, लग्न म्हणू नका, शाळेचं गॅदरिंग म्हणू नका, मला काहीही चालतं.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या नव्या लॅपटॉपला दारच नसतं, बिचाऱ्याला. पण आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. आज मला तुम्हाला अशी गोष्ट सांगायची आहे की, ती नुसती आठवली तरी माझी मोटर आपोआप फिरू लागते!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. कोण कुठे गेला, कोणास ठाऊक. मी खोक्यात बसून जहाजाने आलो, मग ट्रकने आलो, आणि शेवटी एसटीच्या टपावर बसून वाशीमजवळच्या अनसिंगला अन्सारभाईंच्या दुकानात पोचलो. त्या दुकानात सिनेमाच्या डिस्क भाड्याने मिळत आणि लग्नाच्या शूटिंगच्या डिस्क तयार होत. अन्सारभाईंनी मला कॉम्प्युटरमध्ये बसवलं, चार स्क्रू आवळले आणि पहिलीच डिस्क दिली ती ओरखडे पडलेली. मी ती वाचली! अन्सारभाई खूश झाले. पुढे गिऱ्हाइकांना ते सांगत, "हा ड्राइव्ह नाही बाप्पा, पहेलवान हाये. पोट्ट्याइनं घासलेली सीडी बी वाचते." हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्या दिवसांत मला उसंत म्हणून नसे. लग्नसराईत तर मी सकाळपासून तापलेलाच असायचो. किती नवरदेव माझ्या पोटात घोड्यावर बसले, किती नवऱ्या रडल्या, किती मामांनी अंतरपाट धरला, त्याची मोजदाद नाही.

एके दिवशी पंजाबराव दुकानात आले. पंजाबराव म्हणजे गावाबाहेर ओढ्याकाठी मळ्यात राहणारे, टमाटे, वांगी, मेथी पिकवणारे आणि सिनेमाचे पक्के वेडे. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली एक डिस्क होती.

"अन्सारभाई, हे वाशीमच्या बाजारात भेटली. तीन वर्सं धुंडून राह्यलो होतो. याची एक कापी काढून दे. असली पेटीत ठेवतो, कापी पाहाले होईन."

"असं काय हाये तिच्यात?"

"माही सासू हाये."

अन्सारभाई हसले, पण पंजाबराव हसत नव्हते. त्यांची बायको आवडाबाई जऊळक्याची. ती सहा वर्षांची असताना जऊळका स्टेशनावर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. तेव्हा त्या रुळांवरून छोटी गाडी धावायची. सिनेमावाल्यांनी गावातली माणसं प्रवासी म्हणून उभी केली. त्यांत आवडाबाईची आई होती. डोक्यावर मिरच्यांची टोपली घेऊन गाडीतून उतरायचं, एवढंच तिचं काम. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, असं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. पण ती बाई उतरली, वळली, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. पुढे तीन वर्षांनी तापाने ती गेली. तिचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. जगात तिचा चेहरा उरला होता तो या सिनेमात, अकरा सेकंद.

ती डिस्क मी वाचली, मित्रांनो. ती हसरी बाई माझ्या किरणासमोरून गेली. अन्सारभाईंनी दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर कॉपी करून दिली आणि तिच्यावर काळ्या पेनाने लिहिलं, 'जऊळका'.

तेव्हापासून आवडाबाईने एक रीत पाडली. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात आणि पान वाढतात. लोक घागरीमागे फोटो ठेवतात. आवडाबाई घागर टीव्हीपुढे ठेवायची, पान वाढायची आणि ती अकरा सेकंद लावायची. वर्षातून एकदा तिची आई घरी येऊन जायची.

मग काळ बदलला. पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले, आणि डिस्क घेऊन दुकानाची पायरी चढणारं कोणी उरलं नाही. अन्सारभाई मोबाइल दुरुस्त करू लागले. एके दिवशी त्यांनी माझे स्क्रू काढले, मला वायरींच्या गुंडाळ्यांबरोबर एका पोत्यात घातलं आणि पोतं माळ्यावर टाकलं. उंदराची आणि माझी ओळख तिथलीच. तिथे मी किती वर्षं पडून होतो, ते मला सांगता येणार नाही, कारण अंधारात दिवस मोजायला काही साधन नव्हतं. मला फार वाईट वाटायचं. पहेलवानाला कोणी कुस्तीला बोलावू नये, याहून मोठं दुःख नसतं.

त्या काळात मळ्यात काय घडलं, ते मला मागाहून कळलं. पंजाबरावांचा मुलगा मुकेश पुण्याला नोकरीला आहे. त्याने घरी नवा मोठा टीव्ही आणला, जुना डिस्क-प्लेअर भंगारात दिला आणि आईचा तो सिनेमा नेटवरच्या एका कंपनीकडून विकत घेतला.

"बाबा, आता ह्या डिस्का कायले सांभाळता?" तो म्हणाला. "सिनेमा इकत घेतला ना मी. जिंदगीभर आपला."

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आवडाबाईची आई मोठ्या टीव्हीवर आली. लख्ख दिसली. सगळे खूश झाले. पंजाबरावांकडे तेव्हा एकशेचाळीस डिस्क होत्या, आणि मळ्यात टमाट्यांवर साळुंक्या आणि पोपट तुटून पडले होते. डिस्क उन्हात चमकली की पाखरं बिचकतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. मग काय! पंजाबराव कंबर कसून कामाला लागले. दोन-दोन डिस्क पाठीला पाठ लावून सुतळीने बांधल्या. नावाच्या बाजू आत, चमकत्या बाजू बाहेर, म्हणजे वारा कुठूनही आला तरी चमकायला हवं. सगळा मळा असा लखलखू लागला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. पाखरं पळाली, टमाटे वाचले.

आणि मागच्या वर्षी, अक्षय्य तृतीयेला चार दिवस असताना, पंजाबरावांची मुलगी राधिका हिने टीव्हीवर तो सिनेमा लावून बघितला. पडद्यावर एक ओळ आली : 'हा चित्रपट आता उपलब्ध नाही.'

राधिका गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवते. या गोष्टींत ती पक्की आहे. तिने नेटचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. सिनेमा कुठेच नव्हता. मुकेशने पुण्याहून कंपनीला विचारलं. उत्तर आलं की सिनेमाच्या मालकाशी आमचा करार संपला आहे, आणि तुम्ही विकत घेतली होती ती सिनेमा पाहण्याची परवानगी, सिनेमा नव्हे.

पंजाबराव संतापले. "म्हंजे मी पोतं इकत घेतलं, पण पोतं राह्यलं त्याइच्याच गोदामात! अन् आता गोदामाले कुलूप लावून मलेच सांगून राह्यले, तुमचं काई नाई म्हून!"

आवडाबाई ओसरीत मेथी निवडत होती. निवडता निवडता तिने विचारलं, "मंग यंदा घागर कोनापुढं भरू मी?"

हे ऐकलं मात्र, राधिका उठली, गाडीला किक मारली आणि थेट अन्सारभाईंच्या दुकानात आली. माळ्यावरच्या पोत्यात मी तिचा आवाज ऐकला.

"काका, तुमचा तो पहेलवान जिता हाये का?"

मित्रांनो, काय सांगू! मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. "हो! हो! इथे आहे मी!" पोतं खाली आलं. अन्सारभाईंनी मला बाहेर काढलं, फुंकर मारली, माझं भिंग कापसाने हलकेच पुसलं. वीज जोडली. इतक्या वर्षांनी अंगातून झिणझिणी गेली. बटण दाबलं, आणि माझं दार उघडलं! जरा कुरकुरलं, पण उघडलं!

"पाह्य, कसा दात काढून राह्यला," अन्सारभाई म्हणाले. दुकान भाच्याच्या हवाली करून तेही आमच्याबरोबर मळ्यात आले.

ओसरीत टेबलावर राधिकाने आपल्या केंद्रातला जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्यात तिने मोठी हार्ड डिस्क बसवली होती, आणि मलाही तिथेच बसवलं. मी वाचायचं, त्यात साठवायचं, आणि घरातल्या टीव्हीने, मोबाइलने तिथूनच उचलून दाखवायचं. नेट असो वा नसो, कंपनी राहो वा जावो. "याले घरचा सर्व्हर म्हनतात, बाबा," ती म्हणाली. पंजाबरावांनी त्याचं लगेच बारसं केलं : "कणगी म्हन ना सरळ. आपल्या घरातली."

आता एकच सवाल होता. एकशेचाळीसांतली 'ती' डिस्क कुठली? नावं तर सगळी आतल्या बाजूला! मुकेशही सकाळच्या गाडीने येऊन दाखल झाला होता. त्याला कोणी एक शब्द बोललं नाही, त्यामुळे तो आणखीनच खजील झाला होता आणि भर उन्हात सगळ्यांच्या पुढे होता. पंजाबरावांच्या गाठी म्हणजे साध्या गाठी नव्हेत. टमाट्याचे वेल बांधून बांधून त्यांचा हात बसलेला. सोडता सोडता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मी ओसरीतून ऐकत होतो. "नाई!" "हेबी नाई!" "हे तं धरमसिंगच्या लग्नाची हाये, इकडं कशी आली?" दर हाकेला माझा जीव वरखाली होत होता.

दुपारी राधिकाची किंकाळी ऐकू आली. "सापडली! सापडली! जऊळका!"

ती धावतच आली. डिस्कवर अन्सारभाईंचं अक्षर होतं, काळं, स्वच्छ. ती माझ्या तबकावर ठेवली. मी दार लावलं, सगळी ताकद लावून तिला फिरवलं, किरण टाकला. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. काहीच नाही! डिस्क आंधळी झाली होती, मित्रांनो.

अन्सारभाईंनी कपाळावर हात मारला. "हे कापी होय. कापीवर रंगाचा थर असते, त्याच्यात सिनेमा लिव्हते. ऊन तो थर खाऊन टाकते. असलीचं तसं नाई, ते साच्यातून काढेल असते. असली कुठी हाये, पंजाबराव?"

पंजाबराव खाली बसले. "सगळ्याच लावल्या ना मी. मले काय ठावं!"

उरलेल्या जोड्या सोडल्या. शेवटची जोडी सुटली. मूळ डिस्क नव्हती. मळ्याच्या बांधावर पाचही जण बसले होते, आणि माझं तबक रिकामंच बाहेर आलेलं होतं. सगळ्यांनी हात टेकले होते.

तेव्हा आवडाबाईने मान वर केली. मळ्याच्या मधोमध बुजगावणं उभं होतं. पंजाबरावांचा जुना शर्ट, डोक्याला मडकं, आणि मडक्यावर दोन गोल डोळे.

"अहो," ती म्हणाली, "याचे डोळे कायचे हायेत?"

पंजाबराव उठलेच. "अवं... त्या दोन लई चांदीवानी चमकत. बाकीच्या जांभळट दिसत. म्हून म्या त्या डोळ्याले लावल्या!"

"असलीच चमकते तशी!" अन्सारभाई ओरडले. "कापी जांभळी, असली चांदी!"

मग काय विचारता! मुकेश टमाट्याच्या सऱ्या ओलांडत पळाला, राधिका त्याच्यामागे, अन्सारभाई चप्पल हातात घेऊन. मुकेशने बुजगावण्याला अक्षरशः मिठी मारली आणि दोन्ही डोळ्यांच्या तारा सोडवल्या. डावा डोळा निघाला आरत्यांचा. उजवा उलटून बघितला, आणि मुकेश तिथेच मातीत बसला. "आई," तो म्हणाला, "तुही माय अथी हाये."

पण खरी कुस्ती अजून पुढेच होती. दोन उन्हाळे त्या डिस्कने धूळ आणि फवारणीचं औषध अंगावर घेतलं होतं. आवडाबाईने साबणाच्या पाण्यात आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बुडवला आणि ताट पुसावं तशी ती गोल गोल पुसू लागली. अन्सारभाई धावले. "थांबा भाबी! गोल नाई! मधातून बाहिर, सरळ! गोल ओरखडा पडला तं ह्या गड्याले समजत नाई." आवडाबाईने हात आखडला आणि मग एकेक रेघ ओढावी तशी मधून कडेकडे पुसत गेली. खोल ओरखड्यांवर अन्सारभाईंनी दात घासायची पेस्ट चोळली.

डिस्क माझ्या तबकावर आली. मी दार लावलं.

वाचलं! मित्रांनो, मी वाचलं! पहिली ओळ, पहिलं चित्र, पहिलं गाणं! सगळे ओरडले. मी दौडत निघालो. निम्मा सिनेमा झाला, पाऊण झाला. पण डिस्क मधून वाचायला सुरू होते आणि सिनेमाचा शेवट कडेला असतो. स्टेशनाचा प्रसंग शेवटाकडचा होता आणि वाऱ्याने आपटून आपटून कडाच सगळ्यात जास्त घासली गेली होती. तिथे पोचलो आणि मी अडलो. किरण घसरू लागला. माझ्या पोटातून खरर खरर असा आवाज येऊ लागला.

"तापला तो," अन्सारभाई म्हणाले. पंजाबरावांनी घरातला टेबलफॅन आणून माझ्यापुढे धरला. धरला म्हणजे खरोखर हातात धरून उभे राहिले. राधिकाने माझा वेग अगदी कमी केला. "अडते ते सोडून दे," ती माझ्याशीच बोलू लागली, "पुढचं घे. मांगून परत येऊ." मग मी तसंच केलं. पिकलेले टमाटे आधी तोडावेत आणि कच्च्यांसाठी पुन्हा फेरी मारावी, तसा मी फेऱ्या मारत राहिलो. एकदा, दोनदा, सात वेळा. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा गेलो. ती बाई एकदा माझ्या किरणासमोरून गेली होती. मला तिची वाट माहीत होती. मला भीती वाटत होती की माझी मोटर जळेल, पण थांबायचं मनातच येईना.

ऊन कलताना राधिका म्हणाली, "झालं."

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. आवडाबाईने नवी घागर भरून टीव्हीपुढे ठेवली, पान वाढलं. राधिकाने घरच्या कणगीतून सिनेमा लावला. छोटी गाडी थांबली. डोक्यावर टोपली घेतलेली बाई उतरली. टोपलीतल्या मिरच्यांच्या जागी नुसते हिरवे चौकोन फुटले. तेवढे तुकडे काही मला वाचता आले नव्हते. पण बाई वळली, तिने सरळ आमच्याकडे बघितलं, आणि ती हसली. चेहरा शाबूत होता! कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसत होतं!

आवडाबाई हात जोडून बघत होती. "माय," ती म्हणाली, "माह्याहून ल्हान झाली वं तू." मग तिने डोळे पुसले आणि पदर सावरला. "जेवून जाय बरं."

मुकेश आईच्या मागे उभा राहून रडत होता, आणि अन्सारभाई उगाचच माझा स्क्रू आवळत होते. स्क्रू काही सैल नव्हता.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे दिवसच पालटले! ही बातमी गावभर झाली. आता लोक पेटीतून, माळ्यावरून, कोनाड्यातून डिस्क काढून आणतात. कोणाचं लग्न, कोणाच्या गेलेल्या भावाचा शाळेतला नाच, कोणाचा आवडता सिनेमा. राधिका एकेक करून सगळ्यांसाठी उतरवून देते आणि मी खातो, खातो, खातच राहतो. मुकेश अजूनही नेटवर सिनेमे बघतो. त्यात वाईट काही नाही. पण जे घरातून जाऊ नये असं त्याला वाटतं, त्याची डिस्क तो शोधून आणतो आणि माझ्यापुढे ठेवतो.

तुमच्याही घरात कुठेतरी अशी एखादी डिस्क पडलेली असेल. तिला झाडाला टांगू नका. तिच्यावर पाण्याचा पेला ठेवू नका. गोल गोल पुसू नका. आणि माझ्यासारखा एखादा म्हातारा अजून फिरता आहे तोवर तिला त्याच्याकडे घेऊन जा. आम्ही आता थोडेच उरलो आहोत, आणि आमची भूक अजून मेलेली नाही.

आणि हो, पंजाबरावांच्या बुजगावण्याला आता एकच डोळा आहे. डाव्या डोळ्यातल्या आरत्या उतरवून झाल्या आणि डिस्क परत त्याच्या मडक्यावर गेली. पाखरं त्याला तेवढ्यानेही भितात.

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला सिनेमा कणगीत तयारच होता. टीव्हीचं बटण दाबलं की काम झालं असतं. पण आवडाबाईने घागर भरली, पान वाढलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली मूळ डिस्क काढली आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, सर्व्हरवर हाये ना तो," राधिका म्हणाली. "आता डिस्क कायले लावतं?"

"राहू दे," आवडाबाई म्हणाली. "तिले घरात याले दार नको का?"

तिने बटण दाबलं, आणि मी दार उघडलं.